मास्तरांचं लिव्हर

१० फेब्रुवारी

आज राणीच्या झग्याचं कापड आलं. गर्द जांभळी मखमल, एकच तागा. अशी दुसरी मिळणार नाही असं दुकानदाराने बजावून सांगितलंय म्हणे. मॅनेजरने तागा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, जपून हं. कात्री चुकली की संपलं." मी म्हटलं, "इतकी वर्षं मी काय इथे भाजी चिरत होते?" 

बाई असून मला सगळं थिएटर मास्तर म्हणतं. कपडेपटात कापायच्या टेबलाशी जो उभा राहतो तो मास्तर, मग तो कुणी का असेना. मॅनेजरला मात्र हल्ली माझं वय फार दिसायला लागलंय. "आता आराम करा की मास्तर," हे पालुपद येता-जाता. आराम करेन की. हे टेबल मी माझ्या पायांनी सोडेन तेव्हा.

राणीचं काम करणारी पोरगी भारी वात्रट. तिच्या अंगावर अस्तर लावून बघत होते, तोंडात नेहमीसारख्या टाचण्या. तिने मॅनेजरच्या चालण्याची अशी नक्कल केली की मला फसकन हसू आलं. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी, टाचण्या जमिनीवर. डावऱ्याने धावत पाणी आणलं, मी घटाघटा प्यायले. घसा संध्याकाळपर्यंत खरवडल्यासारखा होता. डावऱ्या म्हणजे माझ्या हाताखालचा कारागीर, चाळिशीचा बाप्या, डाव्या हाताने शिवतो म्हणून डावऱ्या. तो म्हणतो, "मास्तर, टाचण्या तोंडात धरत जाऊ नका." मी म्हटलं, "मग काय कानात धरू?" लोहचुंबक फिरवून सगळ्या गोळा केल्या. मिळाल्या असतील सगळ्या.

१६ मार्च

ताप. तसा तो आठवडाभर येतोय-जातोय, पण लिहिण्याच्या लायकीचा आज झाला. इस्त्रीच्या टेबलाशी, वाफेत उभी असून हुडहुडी भरली. दातावर दात. छातीच्या हाडाखाली, जरा उजवीकडे दुखतं आणि खोकलं की कळ खांद्यापर्यंत जाते. ताट समोर आलं की पोटात ढवळतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने पित्त म्हणून गोळ्या दिल्या.

हे म्हणाले, "दोन दिवस घरी राहा."

"आणि राणीने काय अस्तरावर राज्य करायचं?"

मखमल अजून कापलेली नाही. अंगात ताप असताना मखमलीला हात लावायचा नाही, हा माझा नियम. तिची लव एकाच दिशेला पाहिजे. एक तुकडा जरी उलटा बेतला तरी दिव्याखाली दोन रंग दिसतात आणि शेवटच्या रांगेतलं पोरही सांगतं, झगा जोडलेला आहे.

२१ मार्च

पित्त नाही. सोनोग्राफी करणारा माणूस पोटावर ते यंत्र फिरवत मजेत गाणं गुणगुणत होता. एका जागी आला आणि गुणगुणणं बंद झालं. मला तेव्हाच कळलं, काहीतरी आहे.

लिव्हरमध्ये गळू. मला आधी हसूच आलं. गळू मानेवर होतं, काखेत होतं, बसायच्या जागी झालं की लोक तोंड फिरवून हसतात. लिव्हरमध्ये गळू? तो म्हणाला, "पू साठलाय, मोठ्या लिंबाएवढा. उद्याच हॉस्पिटलात भरती व्हा."

येताना हे वाटभर रिपोर्ट उघडून उघडून वाचत होते. घरात पाऊल टाकलं आणि मीच फुटले. "जन्मभर दारू तुम्ही प्यायलात आणि लिव्हर माझं गेलं! हा कुठला हो न्याय?" गमतीने म्हटलं. गमतीने म्हटलं असं मी मला सांगतेय. हे आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. सोडून बरीच वर्षं झाली त्यांना, सोडल्यापासून थेंब नाही, हे कबूल करायला हवं. पण सोडायला लावताना माझ्या नाकी नऊ आले होते, तेही कबूल करायला हवं.

२३ मार्च

हॉस्पिटल. खिडकीजवळची खाट मिळाली. हाताला सलाईन आणि त्यातून दिवसभर अँटिबायोटिक. डॉक्टरीण तरुण आहे, लांब वेणी घालते आणि भराभर चालते. मला आवडली, पण पहिलाच प्रश्न काय तर, "दारू घेता?"

"नाही."

"कधीतरी? अगदी थोडी?"

"डॉक्टरीणबाई, माझं नाही म्हणजे नाही. त्यात अगदी थोडं नाही असं काही नसतं."

ती हसली. म्हणाली, "रागावू नका. लिव्हर म्हटलं की विचारावंच लागतं. पण गळू हे जंतूंचं काम. न पिणाऱ्यांनाही होतं." मग खाटेच्या कडेला टेकून तिने नीट सांगितलं. एक गळू अमिबाचं. घाण पाण्यातून, उघड्यावरच्या अन्नातून तो पोटात जातो, आतड्यातून रक्तात आणि रक्तातून लिव्हरमध्ये. दुसरं बॅक्टेरियाचं. पित्ताच्या नळीत खडा अडकला, अपेंडिक्स पिकलं, आतड्याला सूज आली, नाहीतर शरीरात दुसरीकडे कुठे संसर्ग झाला की ते जंतू लिव्हरमध्ये येऊन घर करतात. साखरेचा आजार असला तर त्यांना रान मोकळं. माझी साखर ठीक, पित्ताशय स्वच्छ, अपेंडिक्स जागच्या जागी.

"मग माझ्याकडे कुठून आले?"

"शोधू. कधीकधी कारण सापडत नाही."

"सापडायलाच पाहिजे," मी म्हटलं. "कारण नसलं की लोक स्वतःचं कारण घालतात."

नंतर हे तिला व्हरांड्यात गाठून काहीतरी विचारत होते. मान खाली, शाळेत पकडलेल्या पोरासारखे. "...बरोबर राहून..." एवढंच ऐकू आलं. तिने जोरजोरात मान हलवली आणि यांच्या दंडावर हात ठेवला. माझ्या आजाराची यांना लागण होईल का, असं विचारत असणार. पुरुषांना जिवाची भीती फार.

२५ मार्च

आज पोटात नळी घातली. नुसत्या औषधाने आटोपेल असं गळू नाही, फार मोठं आहे. अमिबाचं असलं तर बहुतेक वेळा गोळ्यांवर भागतं. पू पातळ असला तर सुईने ओढून घेतात. माझा दाट, म्हणून नळी. आणि फुटलंच किंवा नळीलाही दाद दिली नाही तर ऑपरेशन.

जागा बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत डॉक्टरीणबाईंनी सुई आत घातली. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. नळी हलू नये म्हणून कातडीला टाका घातला तो मात्र मान वर करून बघितला. "टाका चांगला आहे," मी म्हटलं, "दोरा जरा जास्त ओढलात." ती म्हणाली, "मास्तर, पडून राहा." तिलाही मास्तर म्हणायला कुणी शिकवलं कोण जाणे. यांनीच असेल.

जे बाहेर आलं ते पिवळं, करडं आणि वास असा की नर्सनेही नाक मुरडलं. अमिबाचा पू चॉकलेटसारखा तपकिरी असतो म्हणे. म्हणजे हे बॅक्टेरिया.

२९ मार्च

ताप उतरला. भूक लागली. आणि अपमान झाला.

पू तपासायला पाठवला होता. त्यात निघालेले जंतू माणसाच्या तोंडात राहणारे! तोंडातले जंतू लिव्हरमध्ये! लगेच दातांचा डॉक्टर आला. हिरड्या दाबून बघितल्या, एकेक दात ठोकून बघितला. "दात दगडासारखे आहेत," म्हणाला. "पण पुढच्या दातांना ही खाच कसली?"

"दोरा तोडून तोडून. टाचण्या धरून."

"बरं," म्हणाला आणि हात धुवायला गेला. दातांत काही नाही. मग तोंडातले जंतू पोटात उतरले कसे, हे काही कुणाला सांगता येईना. माझी जीभ तिखट आहे हे मान्य, पण म्हणून लिव्हर सडेल?

१ एप्रिल

मॅनेजर आला. पिशवीभर फळं. हा मॅनेजर शाळेत यांच्या हाताखाली गणित शिकलेला. अजून यांना पाहिलं की उठून उभा राहतो. गावभर यांना सर म्हणतात, तसा तोही म्हणतो. तर जाताना यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, तुम्हाला फार सोसावं लागलं." आणि मला म्हणाला, "टेबल डावऱ्याकडे दिलंय. तुम्ही आता निवांत घरी राहा."

यांना काय सोसावं लागलं? सुया मला टोचल्या!

उलगडा राणीने केला. संध्याकाळी भेटायला आली तर चेहरा एवढासा. "मास्तर, रागावणार नाही ना? तिकडे सगळे म्हणतायत, तुमचं लिव्हर पिण्यामुळे गेलं. मॅनेजर म्हणाले, मला आधीपासून माहीत होतं."

माझ्या कानांतून वाफ निघाली असेल.

मॅनेजरला काय माहीत होतं ते मला माहीत आहे. यांच्या पिण्याच्या दिवसांत घरात बाटली सापडली की मी ती पिशवीत घालून थिएटरात न्यायची आणि कपडेपटामागच्या मोरीत ओतायची. घरी ओतली तर वासाने हे उठून यायचे आणि मग तमाशा. एकदा ओतत असताना मॅनेजर मागे उभा. बाटली अर्धी रिकामी, हात ओला, अंगाला वास. काय सांगणार होते मी? तुझ्या सरांची आहे म्हणून? यांची नोकरी शाळेची, एक शब्द बाहेर गेला असता तर दुसऱ्या दिवशी घरी. मी पदर खोचला आणि त्याच्यासमोरून तशीच निघून गेले. त्याने काय समजायचं ते समजून घेतलं.

आता खरं सांगून मोकळी होऊ शकते. पण हे निवृत्त झालेत, रस्त्याने चालले की मोठमोठे बाप्ये वाकून नमस्कार करतात, आणि त्या नमस्कारांवरच यांचा दिवस जातो. ते मी काढून घेणार नाही. पण टेबलही देणार नाही. कारण सापडेल, मी सिद्ध करेन आणि त्या मॅनेजरच्या तोंडून वदवून घेईन.

७ एप्रिल

नळी निघाली. घरी आले. अजून गोळ्या बरेच दिवस घ्यायच्या आहेत. हे माझ्यासाठी चहा करतात, साखर विसरतात, पुन्हा करतात. एवढी सेवा तर लग्नाच्या पहिल्या वर्षातही झाली नव्हती.

१० एप्रिल

थिएटरात गेले. हे नको नको म्हणत होते, तरी गेले. पहिला प्रयोग मेच्या मध्यावर आणि झग्याचा पत्ता नाही.

आत शिरले तर सगळ्यांची शिलाई थांबली. माझ्या टेबलाशी डावऱ्या. मखमल तशीच, घडीही मोडलेली नाही, वर पांढरं फडकं पांघरलेलं. सैनिकांचे डगले मात्र सगळे शिवून टांगलेले. मी म्हटलं, "इतके दिवस काय झोपा काढल्यास? कात्री लावायची हिंमत नाही आणि मास्तर व्हायला निघाला!"

तो म्हणाला, "मॅनेजर रोज विचारतात. मी सांगतो, खडू मिळत नाही, कात्रीला धार नाही, लव कुठल्या बाजूने ते कळत नाही."

"लव कळत नाही तुला? माझ्या हाताखाली इतकी वर्षं राहून?"

तो गालातल्या गालात हसला. मला तर लाज वाटली त्याची. एवढा शिकवलेला माणूस आणि मखमलीची लव कळत नाही.

मॅनेजर आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "मास्तर, तब्येत सांभाळा. ही कामं धारेवरची आहेत, हात स्थिर लागतो." हात स्थिर लागतो! मी हात पुढे केला, त्याच्या नाकासमोर धरला. जरासुद्धा हलला नाही. तो बघून न बघितल्यासारखं करून निघून गेला.

१४ एप्रिल

पुन्हा हुडहुडी. पुन्हा तीच जागा. रडले आज. लिहून ठेवते कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१६ एप्रिल

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध बरोबर होतं, नळी बरोबर होती, तरी त्याच जागी परत भरलं. म्हणजे आत काहीतरी बसलंय." सीटी स्कॅन काढला. नंतर मला खुर्चीत बसवून पडद्यासमोर नेलं.

"हे लिव्हर. हे गळू. आणि ही?"

एक बारीक पांढरी रेघ. खडूने पट्टी लावून मारावी तशी सरळ.

"माणसाच्या शरीरात इतकी सरळ रेघ नसते," ती म्हणाली. "धातूची आहे. काही गिळलं होतं का? तार, सुई?"

"छे! सुई गिळायला मी काय लहान पोर आहे?"

"जठराच्या भिंतीतून हळूहळू पार होऊन लिव्हरमध्ये घुसलीय. बरोबर तोंडातले जंतू घेऊन. असं क्वचित होतं, पण होतं. आणि पुष्कळांना गिळल्याचं आठवतही नाही. मास्तर, तुम्ही शिवणकामात काय काय तोंडात धरता?"

मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. राणीने केलेली मॅनेजरची नक्कल. ठसका. घटाघटा प्यायलेलं पाणी. अगं बाई! माझीच टाचणी.

आणि खरं सांगू? पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिल्यांदा इतका आनंद झाला की खुर्चीतून उठले. "बघा!" मी यांना म्हटलं. "दारू नाही! टाचणी आहे, टाचणी!" डॉक्टरीणबाई चक्रावल्या. लिव्हरमध्ये टाचणी निघाल्यावर असा आनंद झालेला पेशंट त्यांनी पाहिला नसणार.

१७ एप्रिल

आज सकाळी बोलणं झालं. टाचणी आत ठेवून औषधं घेत राहिले तर गळू पुन्हा पुन्हा होणार आणि एखाद्या वेळी फुटून पोटभर पू पसरेल. मग जिवाशी गाठ. तोंडातून दुर्बीण घालून ती निघणार नाही, जठर सोडून पलीकडे गेलीय. पोटाला बारीक भोकं पाडून, त्यातून दुर्बीण घालून काढायची. नाहीच जमलं तर पोट उघडायचं.

"पहिल्या प्रयोगानंतर करू," मी म्हटलं. "मला आधी झगा कापायचाय."

डॉक्टरीणबाई काही म्हणायच्या आत हे ओरडले. वॉर्डातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. "झगा गेला चुलीत! परवा ऑपरेशन होणार!" यांचा असा आवाज मी बाटल्यांच्या दिवसांनंतर ऐकला नव्हता. पण तेव्हाच्या आवाजाची चीड यायची, आज आली नाही. हो म्हटलं.

दुपारी मॅनेजर. राणीने बातमी पोचवली होती. खाटेजवळ खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मास्तर, टाचणीचं कळलं. पण ती थिएटरात गिळली असं कशाला म्हणायचं? मालक म्हणतील, कामाच्या जागी असं होतंच कसं, मॅनेजर काय बघत होता. घरी काहीतरी शिवताना गेली असं म्हणा. टेबल तुमचंच, मी शब्द देतो."

"आणि दारूचं काय?"

"ते लोक विसरतील."

"विसरतील नाही. दारू म्हणालात तेव्हा थिएटरभर ओरडून म्हणालात, आणि टाचणी म्हणायची तर कानात? टाचणी थिएटरची, थिएटरात गिळली, तुमचंच काम करताना गिळली. मी पीत नाही, हे सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणा. मगच टेबलाचं बोला."

तोही चिडला. "कसं म्हणू? टाचणी खरी असेल, पण ती बाटली? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मास्तर, मोरीजवळ, तुमच्या हातात. एकदा नाही, वास तर कितीदा आला. सांगा, कुणाची होती?"

हे पायथ्याशी उभे होते. हातात माझ्या चहाचा कप.

मी भिंतीकडे तोंड केलं. "टेबल घाल डावऱ्याच्या डोक्यात," म्हटलं. "जा."

तो गेला. यांनी कप खाली ठेवला तेव्हा बशी वाजली. "कुठली बाटली?" म्हणाले. मी म्हटलं, "त्याला भास होतात." 

१८ एप्रिल

उद्या ऑपरेशन आणि आज हे सकाळपासून बेपत्ता. तिसऱ्या खाटेवरच्या बाईचा नवरा तिला भरवत बसलाय आणि माझा कुठे उलथलाय देव जाणे. दुपारी आले. चेहरा धुतल्यासारखा. "कुठे होतात?" "जरा फिरून आलो." फिरायला बरी हौस! मी बोलले नाही त्यांच्याशी. मग रात्री वाईट वाटलं आणि बोलले.

२२ एप्रिल

आहे मी.

टाचणी निघाली. पोट उघडावं लागलं नाही, चार भोकांवर भागलं. डॉक्टरीणबाईंनी बाटलीतून आणून दाखवली. काळी पडलीय. एवढीशी वस्तू, आणि माझ्या नावाला केवढी काळोखी फासून गेली.

संध्याकाळी डावऱ्या आला. स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला. मी म्हटलं, "मुंग्या चावतायत का?"

"मास्तर, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर कपडेपटात आले होते."

"कोण सर?"

"आपले सर. तुमचे." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "तालीम सुरू होती. त्यांनी मॅनेजरना विंगेतून बाहेर बोलावलं. म्हणाले, सगळ्यांना बोलाव. नट, कारागीर, दिव्यांवरचे, सगळे जमले. मॅनेजरने खुर्ची दिली तर बसले नाहीत. म्हणाले, तू मोरीशी पाहिलेली बाटली माझी होती. पिणारा मी. मी तुला गणित शिकवायचो तेव्हाही प्यायचो, सकाळी वर्गात यायचो तेव्हासुद्धा. ही माझ्या बाटल्या ओतायला इथे आणायची, ते मला काल कळलं. ती कुणाला बोलली नाही कारण माझी नोकरी गेली असती. आता तुम्हाला जे म्हणायचंय ते मला म्हणा."

मी चादरीचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. 

"मॅनेजर रडले हो मास्तर. सर नाही रडले. बोलून झाल्यावर विचारलं, कुणाला काही विचारायचंय का. वर्गात विचारतात तसं. मग निघून गेले."

डावऱ्या गेल्यावर हे आले. मी म्हटलं, "कुणी सांगितलं होतं नसता शहाणपणा करायला? एवढी वर्षं मी झाकून ठेवलं ते काय तुम्ही चव्हाट्यावर मांडायला? उद्या रस्त्यात कोण नमस्कार करेल तुम्हाला?"

"नको करू दे," म्हणाले.

मी रागावलेच आहे. अजूनही. पण त्यांचा हात सोडला नाही, अगदी नर्सने भेटायची वेळ संपली म्हणून दोनदा सांगितलं तरी.

६ मे

आज टेबलाशी उभी राहिले.

जड उचलायचं नाही अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद. म्हणून मखमल उचलायला हे बरोबर. थिएटरच्या दारातून आत शिरताना मी त्यांच्याकडे बघितलं. ताठ चालत होते, पण ओठ घट्ट. दारवानाने नमस्कार केला नाही. मला केला, त्यांना नाही. मी थांबले. "यांना ओळखत नाहीस का रे?" त्याने गडबडून हात जोडले. हे म्हणाले, "असू दे गं." असू दे कसं? मी असेपर्यंत नाही.

कपडेपटात सगळे उभे. मॅनेजर पुढे आला. कागदावर काहीतरी लिहून आणलं होतं, तो कागद त्याने खिशात घातला. आणि मोठ्याने, विंगेपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाला, "मास्तर पीत नाहीत. कधी प्यायल्या नाहीत. मी खोटं बोललो. टाचणी आपल्या थिएटरची होती, मालकांना तसंच लिहून दिलंय."

"अजून एकदा," मी म्हटलं. त्याने अजून एकदा म्हटलं. राणीने शिट्टी वाजवली.

मग मी डावऱ्याला म्हटलं, "लव कळली का?" तो म्हणाला, "तुम्ही आलात, आता कळेल." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मेली त्याला घाबरट म्हणाले होते.

मखमल पसरली. यांनी आणि डावऱ्याने दोन टोकं धरली. खडूने रेघा मारल्या. आता टाचण्या. सवयीने हात डब्याकडे आणि डब्यातून तोंडाकडे गेला. सगळ्या खोलीने श्वास रोखला. मी टाचण्या परत डब्यात टाकल्या आणि डबा यांच्या पुढ्यात सरकवला.

"तुम्ही द्या. एकेक. डोक्याकडून."

"मी?" म्हणाले. "सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

हे टेबलाशी उभे राहिले, माझ्या उजव्या हाताला. पूर्वी या माणसाच्या सकाळच्या चहाचा कप मी धरून द्यायची, नाहीतर सगळा शर्टावर. आता सगळं थिएटर त्यांच्या बोटांकडे बघत होतं, त्यांनाही ते माहीत होतं. एकेक टाचणी देत गेले आणि एकही पडली नाही. शेवटची टोचून झाल्यावर मी कात्री घेतली आणि मखमलीला लावली.